टीम हरली की घरात सुतक

इंदूरच्या राजेंद्र नगर भागातून एका वाचकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये लांबलचक पत्र लिहिलं होतं. नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश आणि तेव्हा दिलेलं उत्तर असं:

"वय ४६, विमा क्षेत्रात नोकरी. घरी आई, पत्नी आणि बारा वर्षांचा मुलगा. यंदा मार्चच्या अखेरीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माझी एकही संध्याकाळ मोकळी गेली नाही. आधी आयपीएल, मग इंग्लंडमधल्या पाच टेस्ट. रजत पाटीदार आपल्या गावचा, म्हणून मी बंगळुरूच्या टीमचा. १ जूनला पंजाबनं मुंबईला हरवलं तेव्हा रात्री पावणेदोनला घरच्या ग्रुपवर पत्नीच्या भावाची, ते ठाण्याला असतात, अशी खेचली की ते ग्रुप सोडून गेले. राखीलाही आले नाहीत. ३ जूनला आपण कप जिंकलो, राजवाड्यावर जाऊन नाचलो. दुसऱ्याच दिवशी बंगळुरूच्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले आणि आदल्या रात्रीची लाज वाटायला लागली. १४ जुलैला लॉर्ड्सवर २२ रननी हरलो. त्या रात्री मुलगा कशावर तरी हसला म्हणून त्याच्या अंगावर ओरडलो आणि पुढे दोन दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. पत्नी म्हणते, 'तुमची टीम हरली की घरात सुतक असतं.' ॲपवर थोडेफार पैसे लावत होतो, ते आता बंदच झालं. बीपीची गोळी चालू आहे. खरा चाहता म्हटल्यावर एवढं होणारच ना? की क्रिकेट बघणंच सोडून देऊ? आशिया कप सुरू झालाय आणि पत्नीनं आधीच हात जोडलेत."

नमस्कार.

तुमच्या मूळ पत्रात लॉर्ड्सवर अख्खं पान आहे. ओव्हलवर एक ओळही नाही. ४ ऑगस्टच्या त्या सोमवारी इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या, चार गडी शिल्लक होते, क्रिस वोक्स एक हात गळ्यात बांधून मैदानात आला, आणि सिराजनं ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवून सामना सहा धावांनी जिंकून दिला. मालिका २-२. एजबॅस्टनवर भारत त्याआधी कधीही टेस्ट जिंकला नव्हता. तिथं गिलनं २६९ आणि १६१ धावा केल्या आणि विजय ३३६ धावांचा. तोही तुमच्या पत्रात नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २८ जुलैला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, पण तुम्ही बुद्धिबळ बघत नसाल, तेव्हा ते सोडू.

हे मी उणं काढायला म्हणत नाही. तुम्ही स्वतःला क्रिकेटवेडे म्हणवता, पण पत्र वाचून असं वाटतं की या पाच महिन्यांत तुमच्या वाट्याला क्रिकेट फारसं आलंच नाही. हरण्याची धास्ती आली, हरल्याचा राग आला, आणि जिंकल्यावर 'सुटलो एकदाचे' म्हणून टाकलेला सुस्कारा आला. एवढे तास खर्च करून माणसाला निदान मजा तरी यायला हवी.

आता तुमचा पहिला प्रश्न. खऱ्या चाहत्याला त्रास होणार, हे मला मान्य आहे. लॉर्ड्सवर जडेजानं १८१ चेंडू खेळून नाबाद ६१ काढावेत, बुमरानं ५४ आणि सिराजनं ३० चेंडू तग धरावा, आणि शेवटी सिराजनं चांगला अडवलेला बशीरचा चेंडू मागे घरंगळत जाऊन यष्टीला लागावा, हे बघून ज्याला काहीच होत नाही त्याच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही. त्या रात्री तुम्हाला जेवण गेलं नसेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. हे वेड टीव्हीनं किंवा मोबाइलनं आणलेलंही नाही. आपल्या इंदूरच्या मुश्ताक अलींना १९४५ साली ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेसविरुद्धच्या कोलकात्याच्या सामन्यातून वगळलं, तेव्हा तिथल्या लोकांनी 'नो मुश्ताक, नो टेस्ट' अशा घोषणा देत निवड करणाऱ्यांना घेरलं आणि त्यांना संघात घ्यायला लावलं. परक्या गावच्या खेळाडूसाठी!

पण तुमच्या पत्रात आणखी एक समजूत दडलेली आहे: जो जास्त कोलमडतो तो जास्त सच्चा. म्हणून तर मुलाचं हसणं तुम्हाला इतकं लागलं. त्या रात्री घरात कुणी हसणं हा तुम्हाला टीमशी केलेला द्रोह वाटला. आता स्वतः सिराजकडे बघा. लॉर्ड्सवर तो खेळपट्टीवरच खाली बसला, इंग्लंडचे खेळाडू येऊन त्याला धीर देऊन गेले. दहा दिवसांनी तो मँचेस्टरला गोलंदाजी करत होता. ओव्हलला चौथ्या दिवशी त्यानं ब्रूकचा झेल घेतला आणि पाय सीमारेषेच्या दोरावर पडला. १९ वर सुटलेला ब्रूक १११ करून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच सिराज, आणि डावात पाच बळी. लॉर्ड्सनंतर दोन दिवस अबोला धरायचा हक्क कुणाला असेलच तर तो त्याला होता.

चंद्रकांत पंडितांचं तर आपल्याला सांगायलाच नको. १९९८-९९ची रणजी फायनल ते मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर कर्नाटककडून हरले. जून २०२२ मध्ये प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर त्यांनी मध्य प्रदेशला पहिली रणजी जिंकून दिली, तीही मुंबईला हरवून. इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांत त्या दिवशी टाळ्या नक्की कुणासाठी वाजवायच्या यावरून दोन तट पडले असतील. मधली बरीच वर्षं हा माणूस मिळेल तिथं क्रिकेट शिकवत होता. हरल्याचं दुःख असंही सांभाळता येतं, बरंच लांबवर, आणि त्यासाठी आजूबाजूच्यांना गप्प बसावं लागत नाही.

इथं मी तुमच्या पत्नीच्या बाजूला येते. त्यांच्या वाक्यात सामने बघण्याबद्दल तक्रार नाही. तुमचा सामना हरल्यावर सगळ्या घरानं आवाज खाली करायचा, टीव्ही कुणी लावायचा नाही, जेवायला कुणी आधी हाक मारायची यावर डोळ्यांनी वाटाघाटी करायच्या, ही तक्रार आहे. दुःख तुमचं, पाळायचं मात्र चौघांनी. तुमच्या आई काही बोलत नसतील, कारण मुलाच्या रागाला वळसा घालायची त्या पिढीला सवय असते. बारा वर्षांचा मुलगा मात्र यातून काहीतरी शिकतोय. एक तर त्याला क्रिकेटचा तिटकारा येईल, नाहीतर पाच-सहा वर्षांनी तोही टीम हरल्यावर दार आपटून खोलीत जाईल आणि तुम्ही म्हणाल, हे कुठून शिकला?

म्हणून पहिलं काम त्याच्यापाशी. दोन महिने उलटले तरी चालतील, मुलं हे विसरत नाहीत. "लॉर्ड्सच्या रात्री मी तुझ्यावर ओरडलो, तुझी काही चूक नव्हती." एवढंच म्हणा. त्यापुढे "पण मॅचच अशी होती ना" हे जोडू नका, तिथं माफी संपते आणि बचाव सुरू होतो.

दुसरं, हरल्यानंतरचा पहिला अर्धा तास घराबाहेर काढा. इंग्लंडमधली टेस्ट आपल्याकडे साडेतीनला सुरू होऊन रात्री अकराच्या आसपास संपते, आणि अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत तर खरी गर्दी सुरू होते. मॅच संपली की चपला घाला आणि चालत सुटा, वाटलं तर मुलाला बरोबर घ्या, भुट्ट्याचा कीस खाऊन परत या. घरात थांबायचंच असेल तर तोंडानं सांगा, "आज माझं डोकं ठिकाणावर नाही, अर्धा तास द्या, तुम्ही जेवून घ्या." घरच्यांना तुमच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायला लावणं सगळ्यात वाईट.

तिसरं म्हणजे निवड. २०२५च्या आयपीएलला ७४ सामने ठरलेले होते, त्यात मध्ये आठवडाभर खंड पडून ती जूनपर्यंत लांबली. इंग्लंडच्या पाचही टेस्ट पाचव्या दिवसापर्यंत गेल्या, म्हणजे पंचवीस दिवस. नोकरी, घर आणि बीपी सांभाळून हे सगळं बघणं माणसाच्या आवाक्यात नाही, आणि प्रत्येक चेंडू बघितला नाही तर निष्ठा कमी होते असं कुणी ठरवलंय? 'आपल्या गावचा' हाच हिशेब असेल तर तो तरी पुरा करा. २०२५च्या हंगामात रजत बंगळुरूचा कर्णधार, वेंकटेश अय्यर कोलकात्याकडे, आवेश खान लखनऊकडे, तिघेही इंदूरचे. २२ मार्चचा पहिलाच सामना कोलकाता विरुद्ध बंगळुरू होता. त्या रात्री आपला एक मुलगा जिंकला आणि आपलाच एक हरला, त्याचं सुतक पाळलं होतं का? मला स्वतःला आयपीएलमधली कट्टर निष्ठा जरा गमतीची वाटते. लिलाव झाला की अर्धा संघ बदलतो, २०२२ च्या मोठ्या लिलावात तर रजतला कुणीही घेतलं नव्हतं, जखमी खेळाडूच्या जागी तो नंतर आला. त्या मुलाचा खेळ बघायचा म्हणून बघा, मजा येईल. शहरांच्या नावानं रक्त आटवू नका.

तेव्हा हंगाम सुरू होण्याआधी पत्नीबरोबर बसून ठरवा की हे अमुक सामने माझे, त्यात मला कुणी हाक मारायची नाही, आणि बाकीच्यांचा फक्त स्कोअर. त्यांनाही काही संध्याकाळी अशाच मागून घेऊ द्या. दुसऱ्या दिवशी ऑफिस असताना मध्यरात्रीपर्यंत चालणारे सामने पहिल्या यादीत कमीच असावेत.

पैशांचा उल्लेख तुम्ही एका वाक्यात उरकलात, म्हणून मी तिथं जरा थांबते. ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ती ॲप बंद झाली, हे खरं. पण मला जाणून घ्यायचंय ते दुसरंच: लॉर्ड्सच्या दिवशी तुमचे पैसे लागले होते का? किती, ते घरी ठाऊक आहे का? टीम हरल्याचं दुःख आणि खिसा कापल्याचा राग बाहेरून अगदी सारखे दिसतात, आणि माणूस दुसऱ्याला पहिल्याचं नाव देऊन मोकळा होतो. ॲप बंद झाल्यावर मन शांत झालं असेल तर तुमचा निम्मा प्रश्न सुटलाच. उलट चुळबूळ वाढली असेल, कुणी ओळखीचा 'फोनवर लावून देतो' म्हणाल्यावर कान टवकारले जात असतील, तर क्रिकेट बाजूला ठेवा आणि आधी तो हिशेब पत्नीसमोर मांडा. अशाच अडचणीत असलेल्या आणि कुणाशी बोलता न येणाऱ्या वाचकांसाठी टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, बोलायला पैसे लागत नाहीत.

बीपीबद्दल थोडक्यात. २००६च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या अडीचपटींहून जास्त नोंदल्या गेल्या होत्या. तुमच्या डॉक्टरांना सांगा की मी असे सामने बघतो, आणि मॅचच्या नादात संध्याकाळची गोळी चुकवू नका.

बंगळुरूच्या लाजेचं ओझं मात्र उतरवा. तुम्ही ३ जूनच्या रात्री नाचलात तेव्हा दुसऱ्या दिवशी काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. जे गेले ते तुमच्यासारखेच होते, आनंद करायला घराबाहेर पडलेले. गर्दीची व्यवस्था हा वेगळा आणि गंभीर विषय आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या मनस्तापात नाही. त्यातून आपल्या हातात येतं ते एवढंच: पुढच्या विजयाला राजवाड्यावर जाल तेव्हा लहान मुलांना गर्दीच्या मध्यात नेऊ नका, बाहेर पडायचा रस्ता मागे मोकळा ठेवा, आणि रेटारेटी सुरू झाली की 'अजून पाच मिनिटं' म्हणू नका.

आता मेहुणे. माझ्या मते तुमच्या उन्हाळ्यातलं सगळ्यात मोठं नुकसान इथं झालंय, लॉर्ड्सवर नाही. खेचाखेचीला माझा विरोध नाही, ती नसेल तर क्रिकेट अळणी होईल. मुंबई-इंदूर तर जुनं वैर आहे. १९४४-४५च्या रणजी फायनलमध्ये इंदूरच्या होळकर संघाकडून डेनिस कॉम्प्टननं नाबाद २४९ केल्या आणि तरी मुंबई ३७४ धावांनी जिंकली. २०२२ मध्ये आपण त्याची परतफेड केली. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच मुश्ताक अलींच्या नावाच्या ट्रॉफीच्या फायनलला रजतनं नाबाद ८१ करूनही श्रेयस अय्यरच्या मुंबईनं आपल्याला हरवलं. आणि १ जूनला मुंबईला घरी पाठवलं ते त्याच श्रेयसनं, पंजाबकडून नाबाद ८७ करून! म्हणजे मेहुण्यांकडे उत्तरं भरपूर होती. त्यांनी ती दिली नाहीत, ग्रुप सोडला. ज्याची टीम पाच मिनिटांपूर्वी बाहेर पडली आहे त्याला, रात्री पावणेदोनला, सगळ्या नातेवाइकांसमोर तुम्ही गाठलंत. लॉर्ड्सच्या रात्री तुमच्याशी कुणी असं वागलं असतं तर? तुम्हाला तर मुलाचं नुसतं हसणं सहन झालं नाही.

यात एक व्यक्ती राहून जाते. राखीला भाऊ आला नाही तो तुमच्या पत्नीचा. त्यांनी त्या दिवशी काय केलं, कुणाशी बोलल्या, हे पत्रात नाही. मेहुण्यांना फोन करण्याआधी पत्नीशी बोला: "माझ्यामुळे तुझी राखी चुकली." मग फोन करा, मेसेज नको. मेसेजनंच हे झालंय. फोनवर आधी माफी, आणि त्या दिवशी क्रिकेटचा विषय तुमच्याकडून नको. त्यांनी काढला तर त्यांना दोन टोमणे मारू द्या, गप्प ऐका. ग्रुपवर परत यायचं की नाही ते त्यांच्यावर सोडा. आले तर सगळ्यांसमोर एक ओळ लिहा, कारण खेचली होती तीही सगळ्यांसमोरच.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, क्रिकेट सोडण्याचा. काही जणांनी खरंच सोडावं, निदान एक हंगाम. हरल्यावर ज्यांचा हात उठतो, बाटली उघडते किंवा उधारी वाढते, त्यांना मी दुसरं काही सुचवणार नाही. तुमच्या पत्रावरून तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही, पैशांबद्दल माझा अंदाज चुकीचा नसेल तर. शिवाय रागाच्या भरात घेतलेली शपथ पहिल्या भारत-पाकिस्तान सामन्याला मोडते आणि मग लपून मोबाइलवर बघणं सुरू होतं, ते आणखी वाईट. तुम्ही बघा, पण कमी बघा, आणि कधीतरी टीव्हीपासून लांब, मैदानात जाऊन बघा.

त्याला निमित्तही चालून आलंय. महिलांचा वर्ल्ड कप ३० सप्टेंबरला सुरू होतोय आणि त्यातले पाच सामने आपल्या होळकर स्टेडियमवर आहेत. भारत-इंग्लंड १९ ऑक्टोबरला, रविवारी. पण तुम्ही आधी १ ऑक्टोबरच्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला मुलाला घेऊन जा. दुपारी तीनला सुरू होतो, दुसऱ्या दिवशी दसरा आणि गांधी जयंतीची सुट्टी आहे. दोन्ही संघांशी तुमचं काही देणं-घेणं नाही, त्यामुळे कितीतरी दिवसांनी तुम्ही चेंडू वळतोय की नाही हे बघाल. मुलाला आधी एक बाजू निवडू द्या, उरलेली तुम्ही घ्या, आणि तो जिंकला तर त्याला तुमची खेचू द्या. ते जमलं तर १९ची तिकिटं काढा. ठाण्याची मंडळी दिवाळीला येणार आहेत का ते तोवर कळेलच, त्यांना मोजून काढा.